चार तारांवरचा इराण

अबोलहसन सबा (१९०२–१९५७) : व्हायोलिनला इराणी सूर देणारा वादक, रचनाकार आणि एका अख्ख्या पिढीचा गुरू

१९२७ साली तेहरानच्या एका संगीतशाळेने आपल्या पंचवीस वर्षांच्या व्हायोलिनवादकाला उत्तरेकडच्या रश्त शहरात धाडलं. तिथे संगीतशाळा सुरू करायची आणि मुलांना शिकवायचं, एवढीच कामगिरी होती. तेहरानहून अल्बुर्झ पर्वत ओलांडून कॅस्पियन समुद्राच्या अंगाला उतरलं की इराणचं रूप पार पालटतं. कोरडा, पिवळा मुलूख मागे राहतो आणि भातखाचरं, चहाचे मळे, दाट झाडी आणि भरपूर पाऊस यांचा गिलान प्रांत सुरू होतो. कोकणातल्या माणसाला तो ओळखीचा वाटावा. हा तरुण तिथे सुमारे दोन वर्षं राहिला. त्याने शाळा उभी केली, आणि त्याच काळात गिलानच्या गावांतली आणि डोंगरांतली गाणी, नाचांच्या चाली कान देऊन ऐकल्या, लिहून घेतल्या आणि व्हायोलिनच्या तारांवर बसवल्या.

अबोलहसन सबा हे त्या तरुणाचं नाव. त्यांनी आणलेल्या सुरांपैकी 'दैलमान' आज इराणी अभिजात संगीताचाच भाग मानला जातो. 'जर्द मलीजे' ही पिवळ्या चिमणीच्या नावाची चपळ रचना इराणी ढंगाचं व्हायोलिन शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत येतेच. कासिमाबाद गावच्या नाचाची चाल आजही मैफलींत वाजते. गावाकडचं गाणं दरबारी परंपरेच्या संगीतात मानाने नेऊन बसवणं आणि तेही युरोपातून आलेल्या वाद्यावर, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती.

सबा जेमतेम पंचावन्न वर्षं जगले. पण विसाव्या शतकातल्या इराणी संगीताचा कोणताही धागा हाती घ्या, व्हायोलिनचा, संतूरचा, सेतारचा, अगदी तोंबक या तालवाद्याचासुद्धा, तो मागे मागे जात तेहरानमधल्या त्यांच्या घरापाशी पोचतो. असं का झालं, हे समजून घेण्यासारखं आहे. परंपरा टिकते कशी आणि बदलते कशी, या आपल्यालाही जिव्हाळ्याच्या प्रश्नाचं एक ठोस उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडतं.

घर आणि गुरू

सबा यांचा जन्म १९०२ सालचा, तेहरानचा. घराणं नामांकित. पूर्वज फत्हअली खान सबा हे काजार राजवटीतले राजकवी होते. त्याच घराण्यातले महमूद खान कवी होते आणि चित्रकार म्हणूनही त्यांचं नाव आजवर घेतलं जातं. वडील अबोलकासिम खान, पदवी कमालुस्सल्तने. ते वैद्यकी करत आणि सेतार वाजवत. इराणी सेतार म्हणजे आपली सतार नव्हे. ते लहानशा भोपळ्याचं, बारीक मानेचं, चार तारांचं वाद्य असून उजव्या हाताच्या तर्जनीच्या नखाने छेडतात. आवाज इतका हळुवार की चार माणसांच्या बैठकीतच ते खुलतं. सबा यांना पहिले सूर वडिलांकडून मिळाले ते या वाद्यावर.

मुलाची ओढ पाहून वडिलांनी त्याला एका गुरूवर बांधून ठेवलं नाही. सेतारसाठी मिर्झा अब्दुल्ला आणि दर्वीश खान, कमानचेसाठी हुसेन इस्माईलजादे, संतूरसाठी अली अकबर शाही, तोंबकसाठी हाजी खान, व्हायोलिनसाठी हुसेन हंगआफरीन. आपल्याकडे एका मुलाने एकाच वेळी बीन, सारंगी, संतूर आणि पखवाज त्या त्या खलिफांकडे बसून शिकावं, तसा हा प्रकार. शिवाय थोर चित्रकार कमालुल्मुल्क यांच्या कलाशाळेत सबा चित्रकला शिकले, लाकूडकामही शिकले. पुढे ते स्वतः वाद्यं घडवत, दुरुस्त करत. वाद्याच्या पोटात काय आहे हे ज्याच्या हातांना ठाऊक असतं, त्याचा सुराचा विचारही वेगळा होतो.

या गुरूंमध्ये मिर्झा अब्दुल्ला यांचं स्थान मोठं. त्यांचे वडील अली अकबर फराहानी हे नासिरुद्दीन शाहच्या दरबारातले 'तार' या वाद्याचे वादक. त्या घराने इराणी संगीताचा सगळा साठा एका क्रमात लावला. तो 'रदीफ' या नावाने ओळखला जातो. रदीफमध्ये सात मुख्य 'दस्तगाह' असतात : शूर, सेगाह, चहारगाह, हुमायून, माहूर, नवा आणि रास्त-पंजगाह. त्यांच्या पोटात अबूअता, दश्ती, अफशारी, बयाते तुर्क, इस्फहान अशा उपशाखा. प्रत्येकात 'गूशे' म्हणजे लहानमोठ्या सुरावटी ठरलेल्या क्रमाने येतात. मिर्झा अब्दुल्लांच्या परंपरेत अशा सुमारे अडीचशे गूशे आहेत. विद्यार्थ्याने त्या वर्षानुवर्षं घोटून पाठ करायच्या आणि मग मैफलीत त्यांच्या आधारे स्वतःचं गाणं किंवा वादन उभं करायचं. आपला राग आरोह-अवरोह, वादी-संवादी आणि चलन यांतून उमलतो. इराणी दस्तगाह मात्र गूशांच्या मालिकेतून पायरी पायरीने वर चढतो, शिखर गाठतो आणि मूळ सुरावर परत येतो. हे सारं कानाने घ्यायचं आणि कानानेच द्यायचं. अनेक उस्ताद आपली विद्या मुठीत झाकून ठेवत. मिर्झा अब्दुल्ला मात्र हात राखून शिकवत नसत. सबांनी त्यांच्याकडून गूशे घेतल्या, तसा हा मोकळेपणाही घेतला, असं त्यांचं पुढचं आयुष्य पाहताना वाटतं.

व्हायोलिन आलं ते असं

युरोपीय वाद्यांनी इराणात पाय ठेवला तो एकोणिसाव्या शतकात, लष्करी बँडच्या वाटेने. १८६८ मध्ये आलेले फ्रेंच संगीतज्ञ आल्फ्रेड लमेर यांनी तेहरानच्या दारुल्फुनून या संस्थेत लष्करी वादकांना युरोपीय संगीत आणि स्वरलेखन शिकवायला सुरुवात केली. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, पियानो यांच्यासोबत व्हायोलिनही आलं. बाकीच्या बऱ्याच वाद्यांपुढे एक अडचण होती. इराणी संगीतात अर्धस्वर आणि पूर्णस्वर यांच्या मधल्या जागा लागतात. पियानोच्या पट्ट्यांत त्या नाहीत. सूर लावणाऱ्याने पियानो वेगळा जुळवला तर काही साधतं, पण मग दुसऱ्या दस्तगाहाला तो चालत नाही.

व्हायोलिनला पडदेच नाहीत. बोट जिथे ठेवाल तिथे सूर. म्हणून इराणी कान त्यावर लगेच विसावला. त्याला हात लावणारे पहिले बरेच वादक मुळात कमानचे वाजवणारे होते. कमानचे हे गजाने वाजवायचं जुनं इराणी वाद्य. लाकडी वाटीवर कातडं ताणलेलं, खाली लोखंडी दांडी, वाद्य मांडीवर उभं धरलेलं. तार बदलायची तर वादक गज हलवत नाही, वाद्यच फिरवतो. या वादकांनी व्हायोलिन घेतलं, गळ्याखाली धरलं आणि त्यावर कमानचेचीच बोलणी वाजवायला लागले. आवाज मोठा आणि गोल, पल्ला लांब. उलट कमानचेनेही व्हायोलिनकडून चौथी तार उचलली.

आपल्याकडेही हे वाद्य असंच आलं आणि असंच रुजलं. कर्नाटक संगीतात बालुस्वामी दीक्षितरांनी ते आपलंसं केलं. हिंदुस्थानी संगीतात गजाननराव जोशी, वि. गो. जोग, दा. के. दातार या मराठी माणसांनी त्यातून ख्याल बोलता केला. गजाननराव सबांपेक्षा नऊच वर्षांनी लहान. दोन देशांतल्या दोन पिढ्या एकमेकींना न भेटता एकच प्रश्न सोडवत होत्या : परक्या वाद्यातून आपला गळा कसा काढायचा.

सबांचं उत्तर त्यांच्या अनेक गुरूंकडे बोट दाखवतं. व्हायोलिनच्या चार तारा युरोपात ठरीव पद्धतीने जुळवतात. इराणी वादक दस्तगाह पाहून त्या बदलतात, म्हणजे मोकळ्या तारा त्या दस्तगाहाच्या मुख्य सुरांवर घुमत राहतात. सबांनी या वेगवेगळ्या जुळण्यांचा भरपूर उपयोग केला. 'चहारमेजराब' हा खरं तर नखीने किंवा काडीने छेडायच्या वाद्यांचा प्रकार. एक ठेका धरून द्रुत लयीत चाललेली रचना, त्यात एका ठरावीक सुरावर सतत पडणारा आघात. सबांनी तो गजावर आणला. त्यांचा गज छोट्या तुकड्यांत चालू लागला की सेतारचं नख आणि संतूरची काडी दोन्ही ऐकू येतात. गज लांबवला की गायकाच्या गळ्यातली 'तहरीर', म्हणजे इराणी गायकीतली ती खास कंपित तान, तारेवर उतरते. आवाजाच्या झगमगाटासाठी त्यांनी तंत्र वापरलं नाही. युरोपीय तंत्रातलं जे इराणी वाक्याला उपयोगी पडलं तेवढंच घेतलं.

कर्नल वझीरींच्या शाळेत

१९२३ मध्ये कर्नल अली-नकी वझीरी फ्रान्स आणि जर्मनीतलं शिक्षण आटोपून तेहरानला परतले आणि त्यांनी संगीतशाळा काढली. सबा तिथे दाखल झाले. थोड्याच काळात ते वझीरींच्या वाद्यवृंदातले प्रमुख एकल वादक झाले. रश्तला त्यांना पाठवलं तेही वझीरींनीच.

वझीरी हे आधुनिक इराणी संगीताच्या इतिहासातलं वादळ म्हणायला हवं. इराणी संगीत स्वरलिपीत यावं, त्याला सिद्धान्त असावा, वाद्यवृंद असावा, लोकांनी तिकीट काढून ते ऐकावं आणि कलावंताला समाजात मान मिळावा, असा त्यांचा ध्यास. मधल्या सुरांसाठी त्यांनी 'कोरोन' आणि 'सोरी' अशी दोन चिन्हं काढली. एक सूर पाव स्वराच्या आसपास उतरवणारं, दुसरं चढवणारं. इराणी स्वरलेखनात ती आजही वापरतात. सप्तकाचे २४ समान भाग हा त्यांचा सिद्धान्त मात्र सगळ्यांना पटला नाही. रदीफच्या जुन्या उस्तादांना त्यात युरोपीय साचा दिसला.

याच सुमारास आपल्याकडे भातखंडे उस्तादांच्या बंदिशी स्वरलिपीत आणून छापत होते आणि त्यावर असेच वाद झडत होते. लिहिलेल्या कागदात राग सापडतो का, हा प्रश्न तेहरानमध्ये जितका तापला होता तितकाच मुंबई-लखनौतही.

सबा या वादात कुठे उभे होते? त्यांचं काम पाहिलं तर ते दोन्हीकडचे होते. मिर्झा अब्दुल्ला आणि दर्वीश खान यांच्याकडे कानाने घेतलेली विद्या त्यांच्या हाडीमाशी मुरली होती. वझीरींकडून स्वरलेखनाची शिस्त मिळाली होती. मग त्यांनी ही शिस्त त्या विद्येच्या सेवेला लावली. पुढे त्यांनी व्हायोलिनसाठी तीन, संतूरसाठी चार आणि सेतारसाठी एक अशी पाठ्यपुस्तकं तयार केली. दस्तगाहांतल्या निवडक गूशे, त्यांना जोडून स्वतःच्या रचना आणि सोप्याकडून अवघडाकडे जाणारा क्रम अशी त्यांची घडण आहे. पुस्तकात सांगाडा असतो, रक्तमांस गुरूपाशी मिळतं, हे सबांइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी त्यांनी पुस्तकं लिहिली. गुरू गेल्यावर सांगाडाही उरला नाही तर काय होतं, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

डोंगरातला सूर रदीफमध्ये

'दैलमान' हे गिलानच्या डोंगरातल्या एका गावाचं नाव. त्या भागातली ही संथ, ताल सोडून चालणारी, काळीज पिळवटणारी सुरावट सबांनी दश्ती या शाखेत बसवली. दश्तीचा स्वभावच मुळात गावाकडचा, विरहाचा. त्यामुळे दैलमान तिथे आगंतुक वाटला नाही. कालांतराने गायक तो दश्तीच्या गूशांसोबत गाऊ लागले. गुलामहुसेन बनान यांच्या मखमली गळ्यातला दैलमान तर घरोघर पोचला. रदीफ हे बंद दार आहे, जुन्यांनी ठरवलं ते ठरलं, असं मानणाऱ्यांपुढे हे उदाहरण ठेवावं. विसाव्या शतकात, एका शिक्षकाच्या कानामुळे, त्यात नवी जागा तयार झाली.

सबांच्या स्वतःच्या रचना आकाराने लहान आहेत. 'जंगे शुतुर' म्हणजे उंटाच्या गळ्यातली घंटा. तिच्यात एक ठेका न थकता चालत राहतो आणि त्यावर सूर पुढे सरकतो. वाळवंटातून तांडा चालल्याचं चित्र कुणी समजावून सांगावं लागत नाही. 'कारवान', 'दर कफस' म्हणजे पिंजऱ्यात, 'ब यादे गुजश्ते' म्हणजे गेल्या दिवसांच्या आठवणीत. ही नावंच त्यांच्या मनाचा कल सांगतात. या रचना ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. त्यांत वादकाला मिरवायला फारशी जागा नाही. प्रत्येक रचना दस्तगाहाचा एखादा भाव किंवा एखादी लय विद्यार्थ्याच्या हातात पक्की करते. शिकवण्यासाठी लिहिलेलं संगीत मैफलीतही उभं राहावं, हे भाग्य फार थोड्या रचनाकारांना लाभतं.

जहीरुल्इस्लाम रस्त्यावरचं घर

रश्तहून परतल्यावर सबा तेहरानमध्ये शिकवू लागले. जहीरुल्इस्लाम रस्त्यावरच्या त्यांच्या घरातला वर्ग पुढची पंचवीसेक वर्षं इराणी संगीताची खरी शाळा ठरला. पत्नी मुन्तखब इस्फंदियारी या त्यांच्या विद्यार्थिनी, आणि आधुनिक फारसी कवितेचे प्रवर्तक नीमा यूशीज यांच्या नात्यातल्या. तीन मुली. कवी शहरयार जिवलग मित्र. सबा गेल्यावर त्यांनी लिहिलेली शोककविता इराणात फार प्रसिद्ध आहे. रूहुल्ला खालेकी यांनी १९४९ मध्ये राष्ट्रीय संगीतशाळा काढली तेव्हा सबा तिथेही शिकवू लागले. घरचा वर्ग मात्र सुटला नाही.

त्या घरात व्हायोलिनचे विद्यार्थी होतेच. पण सबांच्या गुरुपणाची उंची कळते ती इतर वाद्यांवरून. संतूर घ्या. त्या काळातले सर्वांत मोठे संतूरवादक हबीब समाई १९४६ मध्ये गेले, तेव्हा ७२ तारांचं हे वाद्य इराणात जवळजवळ पोरकं झालं. सबांनी लहानपणी अली अकबर शाहींकडून जे संतूर घेतलं होतं ते आता कामी आलं. त्यांनी संतूरची पुस्तकं लिहिली आणि फरामर्ज पायवर नावाचा एक तरुण तयार केला. पायवर यांनी पुढे संतूरचं तंत्रच नव्याने बांधलं, स्वतःचा वाद्यमेळ उभारला आणि २००९ मध्ये निधन होईपर्यंत ते या वाद्याचे निर्विवाद आधारस्तंभ राहिले. ज्या वाद्यासाठी सबा जगात ओळखले जात नाहीत, ते वाद्य त्यांच्यामुळे वाचलं.

तोंबकची कथा त्याहून बोलकी. लाकडी खोडातून कोरलेलं, कातडं चढवलेलं हे तालवाद्य. ते वाजवणाऱ्याला मैफलीत खालची जागा असे. वादकांमध्येही तो साथीपुरता. हुसेन तेहरानी हा बोटांत विलक्षण लय असलेला वादक सबांच्या सहवासात आला. सबांनी त्याला लयीचे नमुने दिले, ताल मोजायला, लिहायला आणि विचार करायला प्रवृत्त केलं. तेहरानी पुढे एकल तोंबकवादन घेऊन मंचावर बसले आणि या वाद्याचं शिक्षण पुस्तकात आलं. मुख्य वादकाने साथीदाराला बरोबरीने वागवलं तर काय घडतं, हे त्यातून दिसलं. दोघांच्या एकत्र ध्वनिमुद्रणांत व्हायोलिन आणि तोंबक एकमेकांना प्रश्न विचारतात, उत्तर देतात. कुणी कुणाच्या मागे चालत नाही.

यातून हे स्पष्ट होतं की सबा 'व्हायोलिनवादक' या चौकटीत मावत नाहीत. लहानपणी प्रत्येक वाद्याच्या गुरूकडून घेतलेलं त्यांनी त्या त्या वाद्याच्या पुढच्या पिढीला परत केलं. काजार काळातले उस्ताद एकेक करून मावळत होते आणि रेडिओ, ग्रामोफोन, वाद्यवृंद यांचं नवं जग उजाडत होतं. त्या दोन काळांच्या मध्ये हा एक माणूस उभा होता, आणि त्याच्या हातून फारसं काही सांडलं नाही.

रेडिओ आणि शिष्यांची पिढी

१९४० मध्ये रेडिओ तेहरान सुरू झाला. आता एका मैफलीतले शे-दोनशे श्रोते मागे पडले, देशभरच्या चहाखान्यांतून आणि दिवाणखान्यांतून सूर ऐकू येऊ लागले. रेडिओच्या त्या पहिल्या काळात सबा तिथे वाजवत होते. मायक्रोफोनला व्हायोलिन फार मानवलं. त्याचा स्वर नेमका आणि उबदार उमटे. पियानोला इराणी बोली शिकवणारे मुर्तजा महजूबी यांच्याबरोबरची त्यांची वादनं या काळाची ठेव आहेत. दोन युरोपीय वाद्यं आणि त्यांत युरोपचा मागमूस नाही.

१९५६ मध्ये दाऊद पीरनिया यांनी रेडिओवर 'गुल्हा' ही कार्यक्रममालिका सुरू केली. फारसी अभिजात कविता आणि संगीत एकत्र गुंफणारी ही मालिका १९७९ पर्यंत चालली. इराणच्या दोन पिढ्यांना हाफिज, सादी, रूमी यांची कविता पाठ झाली ती बरीचशी तिच्यामुळे. सबांना तिचा आरंभच काय तो पाहता आला. पण तिचा कणा झाले त्यांचे शिष्य. अली तजवीदी यांनी गायिका दिलकशसाठी चाली बांधल्या आणि हायदेसारख्या नव्या गायिकेला पहिली मोठी संधी देणारं 'आजादे' रचलं. हुमायून खुर्रम पेशाने विद्युत अभियंता. हुसेन कवामींनी गायलेलं आणि कवी सायेंनी शब्द दिलेलं 'तू ऐ परी कुजाई' हे त्यांचं गीत इराणी माणूस कुठेही असो, ऐकताच ओळखतो. परवीज याहकी यांनी व्हायोलिनमध्ये तरुणपणाची धग आणली. हबीबुल्ला बदीई यांचा गज शांत, स्वच्छ. मेहदी खालेदी, असदुल्ला मलेक, रहमतुल्ला बदीई, ही नावं आणखी वाढवता येतील.

या सर्वांचं वादन एकासारखं एक नाही, हे विशेष. याहकी ऐकून कुणी खुर्रम म्हणणार नाही. गुरूची नक्कल करणारे शिष्य तयार करणं सोपं असतं. सबांनी त्यांना रदीफचं व्याकरण पक्कं दिलं आणि आवाज ज्याचा त्याला शोधू दिला. हुसेन देहलवी यांनी तर सबांच्या रचना वाद्यवृंदासाठी नव्याने मांडल्या. गुरूने चार तारांवर मांडलेलं चित्र शिष्याने मोठ्या पडद्यावर नेलं.

कमानचेचं काय झालं?

सबांच्या गौरवात एक प्रश्न टाळता येत नाही. व्हायोलिन इतकं फुललं की कमानचे कोपऱ्यात गेलं. विसाव्या शतकाच्या मध्याला शहरातल्या अभिजात संगीतात कमानचेवादक बोटांवर मोजण्याइतके उरले. असगर बहारी यांनी ती ज्योत तेवती ठेवली आणि १९५०च्या दशकात ते वाद्य पुन्हा रेडिओवर ऐकू येऊ लागलं. ज्या कमानचेवादकांनी व्हायोलिनला इराणी केलं, त्यांचंच मूळ वाद्य त्यापायी मागे पडलं, ही नुकसानीची बाजू मान्य केली पाहिजे.

१९६८ मध्ये इराणी टेलिव्हिजनच्या आश्रयाने पारंपरिक संगीताचं जतन आणि प्रसार करणारं एक केंद्र स्थापन झालं. रदीफ मुळाबरहुकूम शिकायचा आणि वाद्यं इराणीच वापरायची, असा त्याचा बाणा. मुहम्मद रजा लुत्फी, हुसेन अलीजादे, परवीज मिश्कातियान असे पुढच्या काळाचे मोठे कलावंत तिथे घडले. व्हायोलिनला तिथे जागा नव्हती. या केंद्राचे संस्थापक होते दार्यूश सफवत, आणि त्यांनी सेतार आणि संतूरचे धडे घेतले होते ते सबांकडे! गुरूने व्हायोलिन इराणी केलं, शिष्याने इराणी संगीत व्हायोलिनपासून वेगळं केलं. पण दोघांच्या कामाच्या मुळाशी मिर्झा अब्दुल्लांचा तोच रदीफ आहे. सबांच्या घरातून दोन वाटा निघाल्या आणि दोन्ही प्रामाणिक होत्या, असंच म्हणावं लागेल.

१९७९ च्या क्रांतीनंतर 'गुल्हा' बंद झालं. स्त्रियांच्या एकल गायनाला सार्वजनिक मंच उरला नाही. व्हायोलिनवर पाश्चात्त्य म्हणून बोट ठेवलं जाऊ लागलं आणि त्याच्याकडे रेडिओ-नाटकी भावुकतेचं वाद्य म्हणून पाहिलं गेलं. कमानचे मात्र दिमाखात परतलं. आज कैहान कल्होर यांच्यामुळे ते जगभर ऐकलं जातं, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने कमानचे घडवण्याची आणि वाजवण्याची कला इराण आणि अझरबैजानच्या नावे वारसायादीत घेतली. रदीफ त्याआधीच, २००९ मध्ये, या यादीत आला होता. व्हायोलिन संपलं का? नाही. खुर्रम, मलेक यांच्यासारखे शिष्य शिकवत राहिले आणि पुढे मंचावरही आले. सबांची पुस्तकं पुन्हा पुन्हा छापली गेली. एखादं वाद्य देशी की परदेशी, याचा निकाल सरकारी धोरण काही वर्षांसाठी लावू शकतं. पिढ्यांसाठी तो निकाल लावतात शिकणारे आणि ऐकणारे.

कमानचेचं नुकसान झालं याचा दोष सबांच्या माथी मारणं मला पटत नाही. त्यांनी स्वतः कमानचे शिकून घेतलं होतं, त्याची बोलणी व्हायोलिनमध्ये जपली होती. उद्या कमानचे परत येईल तेव्हा त्याच्या हाती काय द्यायचं, ते सामान त्यांनी पिढीभर जिवंत ठेवलं. पुनरुज्जीवन शून्यातून होत नाही. कुणीतरी मध्ये ती भाषा बोलत राहिलेलं असावं लागतं.

वारसा कशाचा?

सबा १९५७ च्या डिसेंबरमध्ये हृदयविकाराने गेले. तेहरानच्या उत्तरेला, शेमिरान भागात, जहीरुद्दौले या लहानशा दफनभूमीत त्यांना पुरलं. तिथेच त्यांचे गुरू दर्वीश खान आहेत, आणि सहकारी रूहुल्ला खालेकी, कवयित्री फरूग फरुखजाद यांनाही पुढे तिथेच जागा मिळाली. जहीरुल्इस्लाम रस्त्यावरचं त्यांचं घर १९७४ मध्ये संग्रहालय झालं. त्यांची वाद्यं, त्यांच्या हातच्या वस्तू तिथे जपल्या आहेत.

संग्रहालयं आणि थडगी हा वारशाचा दिसणारा भाग. सबांचा खरा वारसा एका भूमिकेत आहे, आणि ती आपल्याही कामाची आहे. परंपरेकडे पाहण्याचे दोन सोपे मार्ग असतात. एक, जुनं तसंच काचेत ठेवायचं. दोन, जुनं म्हणजे अडगळ समजून नवं आणायचं. सबांनी तिसरा, कष्टाचा मार्ग धरला. आधी जुनं सगळं शिकायचं, आणि तेही एकाच घराण्याचं, एकाच वाद्याचं नव्हे. मग नवं साधन हाती घ्यायचं आणि त्याला त्या विद्येच्या सेवेला लावायचं. शहराने हलकं मानलेलं गावाकडचं गाणं आत आणायचं. तालवाद्यवाल्याला शेजारी बसवायचं. आणि शेवटी, हाती आलेलं सारं लिहून, शिकवून, वाटून टाकायचं.

यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. मोठा कलावंत विद्या राखून ठेवण्याची कितीतरी कारणं देऊ शकतो : शिष्य अपात्र आहे, काळ वाईट आहे, कागदावर आत्मा येत नाही. ही कारणं खोटी असतात असंही नाही. सबांच्या काळात तर ती पुरेपूर खरी होती. तरीही त्यांनी ती दिली नाहीत. म्हणून समाईंनंतर संतूर उरलं, साथीचा तोंबक मंचावर आला, दैलमान डोंगरातून रदीफमध्ये शिरला, आणि लष्करी बँडबरोबर आलेलं एक पेटीतलं वाद्य इराणी माणसाच्या सुखदुःखाचं झालं. संगीताची परंपरा उस्तादांच्या मोठेपणावर जितकी टिकते, त्याहून अधिक ती त्यांच्या दातृत्वावर टिकते. अबोलहसन सबा मोठे होतेच. इराणच्या संगीताचं नशीब थोर की ते दातेही होते.